मुरघासाचं पुरं माप

।। श्री ।।
रहिमतपूर, मळ्यातून
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. सयू हिला आक्काचे अ. उ. आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नको, कुणी आजारी न्हाई. फोनवर मला धड ऐकू येत न्हाई. स्पीकर लावला की आपल्या दोघी बहिणींचं बोलणं अख्ख्या घराला ऐकू जातं, आणि आज जे लिहायचंय ते लेकानं आणि सुनंनं ऐकावं असं न्हाई. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

तुझा पेपरातला फोटो बघितला. आधी सूनबाईनं, मयूरीनं बघितला. मग तुझ्या दाजींनी मोठ्यानं वाचून दाखवला. सुभेदार म्हणून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण पेपर अजून हुकूम वाचल्यासारखा वाचतात. शेतकरी मेळाव्यात शाल, नारळ, वर फेटा! उसाच्या शेंड्याचं वाढं आणि मक्याची ताटं आंबवून उत्तम मुरघास करणारी पलूसची महिला, गाय देते रोज बावीस लिटर. अगं बाई, आणि ती गाय कुठली? मोगरी माझ्या दावणीला जन्मली. तिची नाळ मी कापली. वाटलं तर हे बी एका कोपऱ्यात छापायचं होतं की.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पण त्या दिवशी भाकरी गेली न्हाई.

सयू, मला सातवीतनं काढली कारण आबांच्या गोठ्यात दोन हात पाहिजे होते. तू शाळेत बसलीस. फ्रॉकला शेण लागलं की भोकाड पसरायचीस. आणि आता जनावरातलं कुणाला कळतं, तर तुला! शेण मी काढलं आणि शाल तुझ्या खांद्यावर. जळते मी, व्हय. तुझ्यापाशी न्हाई सांगायचं तर कुणापाशी सांगू?

खरी गोष्ट पुढंच हाय. ऋषिराजला शिरवळच्या कंपनीत नोकरी लागतीय. तो म्हणतो की गुढीपाडव्याला गायी विकून गोठा मोकळा करायचा. माझं गुडघं गेलं, उन्हाळ्यात वैरण पुरत न्हाई, रंगी तेरा लिटरच्या वर जात न्हाई, मग कशासाठी मरायचं. वर असं बी म्हणाला की मावशीसारखं दूध निघत असतं तर गडी लावून ठेवल्या असत्या गायी. मावशीसारखं! माझ्या पोटच्या पोरानं, माझ्या तोंडावर.

तवा पाडव्याच्या आत मला रंगीचं दूध वाढवून दाखवायचं हाय. तुझ्या मुरघासात काय काय घालतेस ते मापासकट लिही. मयूरीला शिकायचंय म्हणून मागते, मला आपलं जुनंच बरं.

पाव्हण्यांना नमस्कार सांग. तुझा जीव आमच्यावर हाय तेवढा राहू दे, पेपरात आलीस म्हणून हात आखडता घेऊ नको.

तुझी,
राहीआक्का


पलूस
९ डिसेंबर २०२४

ती. सौ. आक्का हिस संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना हसू आवरेना, आणि हे विचारत होते की बहिणीनं शिव्या घातल्यात की आशीर्वाद दिलेत. मी म्हटलं, दोन्ही. मयूरीला शिकायचंय काय! परवाच तिचा फोन आला होता. तिला मुरघासातला 'म'सुद्धा ठाऊक नाही, पण आई आठ दिवस पेपर उशाखाली घेऊन झोपतात एवढं मात्र तिनं सांगितलं.

मोगरी तुझ्या दावणीची आहे हे मी स्टेजवर पहिल्यांदा सांगितलं. पेपरवाल्यानं ते गाळलं. त्याला मी काय करू?

आता नीट वाच. उसाची तोडणी चालू आहे तेव्हा वाढं हिरवं मिळेल. त्यात कणसं काढलेली मक्याची ताटं घाल, आणि कुट्टी अगदी बारीक, बोटाच्या पेराएवढी कर. मुठीत दाबली तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. नुसत्या वाढ्यात कस नसतो, म्हणून वरून घालायचं. एक टन कुट्टीला दोन किलो गूळ, एक किलो युरिया, एक किलो मीठ, एक किलो खनिज मिश्रण आणि लिटरभर ताक. शिवाय जनावरांच्या औषधाच्या दुकानात चारा आंबवणाऱ्या कल्चरची पुडी मिळते, ती पुडीवर लिहिलंय तशी. गूळ आणि युरिया आधी पाण्यात पूर्ण विरघळव आणि झारीनं थरावर शिंपड. कोरडा टाकू नको. मग पिशवीत एकेक थर तुडवायचा, आत हवा राहिली की सगळं वाया. तोंड घट्ट बांधायचं आणि पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. गाभण गाईंना बेतानं दे, वासरांना तर नकोच.

एवढंच. यात जादू काही नाही. तुझ्या हाताला गाय जशी उभी राहते तशी माझ्या हाताला अजून राहत नाही, त्यामुळं तुझं माझ्यापेक्षा चांगलंच होईल.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून उणी दिसली तर अक्षराचा दोष समज.

तुझी,
सयू


रहिमतपूर
२८ डिसेंबर २०२४

चि. सौ. सयूस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वीस तारखेला मुरघास भरला. ऊसतोडीच्या टोळीकडनं वाढं मागून आणलं, कुट्टी मयूरीनं केली, तुडवायला मी आणि सुभेदार. ते पिशवीत उभं राहून लेफ्ट राइट करत होते, शेजारची बाया-पोरं कुंपणावरनं बघून हसत होती. अर्ध्या अर्ध्या टनाच्या दोन पिशव्या झाल्या. कंबर अजून धरली हाय.

आता एक विचारते, रागावू नको. तू काय राखून ठेवलंस?

अगं, आपल्यात मसाल्याचं माप कुणी कुणाला पुरं दिलंय? चुलतीनं आईला न्हाई दिलं, आईनं मामीला न्हाई दिलं. एक जिन्नस हातचा ठेवायचाच, घेणारीला बी ते ठाऊक असतंय, ती आपल्या अंदाजानं वाढवून घेती. तुझं लगीन झालं तवा मी तुला कांदा-लसूण मसाला लिहून दिला, त्यात जायपत्री लिहिलीच न्हाई. गेली वीस वर्षं तू म्हणतीयास की आक्कासारखी चव येत न्हाई. कशी येईल?

मग तू तरी का पुरं सांगशील? मी तुझ्या जागी असते तर नसतं सांगितलं. म्हणून मी बी माझ्या अंदाजानं वाढवलंय. काय आणि किती, ते विचारू नको.

आणखी एक खुपतंय, ते बी लिहून टाकते. ढवळीच्या दोन कालवडी होत्या. थोरली रंगी, अंगानं भरलेली, ती मी ठेवली. धाकटी मोगरी, डोळं गळायचं, पाठीचं हाड दिसायचं, ती तुला दिली. वर गावभर सांगितलं की बहिणीला कालवड दिली. आता ती बावीस देती आणि माझी तेरा. देव बघत असतोय, पण एवढं बारीक बघतोय हे ठाऊक नव्हतं.

रोज सकाळी पिशवीचं तोंड जरा सैल करते, नाक लावून वास घेते आणि परत बांधते. आंबटगोड वास येतो म्हणतात ना? अजून तर न्हाई. तुझा येत होता का एवढ्यात?

मला तुझी आठवण येती, तशीच तुझ्या गाईची बी. दोघींनी मला विसरू नका.

तुझी,
राहीआक्का


पलूस
६ जानेवारी २०२५

ती. सौ. आक्का हिस सा. न. वि. वि.

वीस वर्षं! आक्का, सासूबाई गेल्या त्या माझ्या मसाल्याला नावं ठेवतच गेल्या, आणि तू दर दिवाळीला माझ्या आमटीत बोट बुडवून तोंड वाकडं करत होतीस! तुझ्यापुढं हात टेकले. हे तर म्हणतात की तुझ्या बहिणीला सलाम ठोकला पाहिजे.

पण चेष्टा बाजूला ठेव. पिशवीचं तोंड उघडू नको. एकदाही नाही. रोज हवा आत घेतलीस तर बुरशी येईल. आणि काय वाढवलंस ते उलट टपाली कळव. गूळ वाढवला असशील तर चालेल, ताक चालेल, पण युरियाला हात लावला असशील तर ती पिशवी गाईला दाखवू नको. मी फोनही केला होता. तू सगळं बेस म्हणालीस आणि फोन मयूरीच्या हातात दिलास.

मी तुझ्यापासून कुठलाही जिन्नस राखलेला नाही. आबांची शपथ.

सोबत तिळगूळ आहे. तो खा आणि माझ्याशी जरा खरं बोल.

तुझी,
सयू


रहिमतपूर
९ फेब्रुवारी २०२५

सौ. संयोगिताबाई यांस,

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिला असं समज.

पंचेचाळीस दिवस भरले तशी चार तारखेला सकाळी पहिली पिशवी उघडली. रंगीला एक पाटी घातली. अर्ध्या तासात तिचं अंग थरथरायला लागलं. तोंडाला फेस आला, पोट फुगून नगारा झालं आणि ती गव्हाणीपुढं धाडकन आडवी झाली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डोळं असं फिरवलं तिनं, की मला वाटलं गेली. डॉक्टर आला, त्यानं थंड पाण्यात व्हिनेगर कालवून नळीनं पाजलं, सुया दिल्या. दिवेलागणीला उठून उभी राहिली. आता चार लिटर देती. दुसरी पिशवी फोडली तर आत काळी बुरशी.

ऋषीनं माझ्या देखत व्यापाऱ्याला फोन लावला. कुठल्या तोंडानं अडवणार?

तू लिहिलंस तसं केलं आणि हे असं झालं. तुला माझी दावण मोकळी बघायची होती, ती आता पाडव्याला होईल. शाल पांघरून बघायला ये. गोठा एवढी एकच गोष्ट माझ्याकडं होती सयू, बाकी सगळं तुझ्याकडंच होतं. ती बी तुला माझ्याकडं राहू द्यायची नव्हती.

लोभ-बिभ काही मागत न्हाई.

राही


पलूस
१६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आक्का हिस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा इतकी चिडले की तिळगुळाचा डबा आपटला. तिसऱ्यांदा वाचल्यावर लिहायला बसलेय.

रंगी पडली त्याच दिवशी मयूरीचा फोन आला होता. तिनं मला सगळं सांगितलंय. अर्ध्या टनाच्या पिशवीला अर्धा किलो युरिया लागत होता, तिथं तू पाच किलो घातलास. पाण्यात न विरघळवता, कोरडा, मुठीमुठीनं. तिनं अडवलं तर म्हणालीस की तुझ्या मावशीला मागं टाकायचं तर एवढा लागणारच. त्याचे खडे एका जागी राहिले आणि नेमके रंगीच्या पाटीत आले. पोरीनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही, ऋषीलाही नाही. आणि तू मला लिहितेस की तू लिहिलंस तसं केलं! एवढा मोठा आळ बहिणीवर घालताना तुला काहीच वाटलं नाही?

एवढं रागानं लिहिलं. आता दुसरं लिहिते, ते जड आहे.

मी शपथ घेतली की जिन्नस राखला नाही. ते खरंच आहे. पण एक गोष्ट राखली होती. गेल्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी मी पहिल्यांदा मुरघास केला. चार पिशव्या. मलाही धीर नव्हता, दहाव्या दिवशी उघडून बघितला, पुन्हा पंधराव्या दिवशी. युरिया मीही कोरडाच भुरभुरला होता, कारण पाणी आणायचा कंटाळा. मोगरी फुगली. आमच्या डॉक्टरांनीही तेच व्हिनेगर पाजलं. चारही पिशव्या काळ्या पडल्या. भर दुपारी, सगळी वस्ती जेवायला बसली असताना, मी आणि ह्यांनी त्या उकिरड्यात पुरल्या. कुणाला सांगितलं नाही. स्टेजवर नाही, पेपरात नाही. तुलाही नाही.

हे मी तुला डिसेंबरात लिहिलं असतं, तर तू असं केलं नसतंस. तू वास घेतेस म्हणून लिहिलंस, तेव्हा जानेवारीत तरी लिहायला हवं होतं. पेन हातात होतं. नाही लिहिलं.

का, ते सांगते. लहानपणी मला गोठ्यात कुणी पाऊल ठेवू दिलं नाही. आई म्हणायची की राही बसली की गाय पान्हा सोडते, तू जा, पुस्तक घे. आबांची गाय तुझ्या नुसत्या पावलानं मान वळवायची. मी शाळेतून येऊन दारात उभी राहायचे आणि तुम्ही तिघी, तू, आई आणि गाय, माझ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. मी शेण लागलं म्हणून रडत नव्हते आक्का. मला बाहेर काढलं म्हणून रडत होते. तुला वाटतं सगळं माझ्याकडं होतं. मला वाटायचं, तुझ्याकडं. म्हणून आयुष्यात एकदा तरी तुला दाखवायचं होतं की सयूला गोठ्यातलं पहिल्या फटक्यात जमलं. त्या फुशारकीपायी तुझी रंगी मरता मरता वाचली.

ऋषीला सांग एक हंगाम थांब. मी पंधरा दिवस येऊन राहते, आपण दोघी तुडवू. तो ऐकत नसेल तर मी त्याच्याशी बोलते, सगळं सांगते, माझ्या पुरलेल्या पिशव्यासुद्धा.

तू लोभ मागितला नाहीस, तरी मी पाठवतेय. परत करायचा असेल तर स्वतः घेऊन ये.

तुझी,
सयू


रहिमतपूर
१ एप्रिल २०२५

चि. सौ. सयूस आक्काचे पोटातनं अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र टपालानं आलेलं न्हाई हे तुला दिसलंच असंल. आमच्या आळीतला भाऊसो टेम्पो घेऊन आलाय, त्याच्या खिशात पत्र आणि मागं रंगी. त्याला आधी चहा दे, मग वाच.

दीड महिना लिहिलं न्हाई, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. पाच किलो मीच घातला. तू एक घालतीस तर तुझी बावीस देती, मी पाच घातला तर माझी तीस देईल, असं डोक्यात बसलं होतं. हेव्यानं माणूस आंधळं होतं म्हणतात, माझं तर नाक बी गेलं होतं. पिशवी उघडली तवा वास नाकात शिरला होता, डोळं चुरचुरलं होतं, तरी मी पाटी भरली. ऋषीला सगळं सांगितलं, मयूरीच्या देखत. मला वाटत होतं ओरडंल, तर उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला. त्यानंच जास्त लागलं.

तो थांबला न्हाई. थांबायला सांगायला मी बी गेले न्हाई. नोकरी आजच्या एक तारखेपासून धरलीय त्यानं, मयूरी बी शिरवळला गेली. माझ्या हातून जनावर मरता मरता वाचलंय, मग कुठल्या जोरावर म्हणू की गोठा ठेव? दोन गायी पाडव्याच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्यानं नेल्या. रंगीच्या दोराला त्यानं हात घातला तवा मी म्हटलं की ही दिलेली हाय. कुणाला, ते विचारलं त्यानं. मी म्हटलं, धाकट्या बहिणीला. तुला विचारलं नव्हतं. विचारायचं होतं का?

ह्या खेपंला चांगली तीच दिलीय. आता बारकी माझ्यापाशी उरली बी न्हाई.

तू लिहिलंस की तुला माझा हेवा वाटायचा. ते वाचून मला काय वाटलं सांगू? वाईट वाटायला पाहिजे होतं. पण बरं वाटलं. लय बरं वाटलं. सुभेदार झोपल्यावर पत्र काढून परत वाचते, दुपारचं. माझ्याकडं बघून कुणी जळत असंल असं कधी वाटलंच नव्हतं सयू. आणि तू दारात उभी असायचीस ते मला खरंच दिसलं न्हाई. दिसलं असतं तर हाक मारली असती का, ते मात्र सांगता येत न्हाई. गाईची मान माझ्याकडं वळते, ह्याची मला बी चटक होती.

आता रंगीचं ऐक. डावीकडचं मागचं सड जरा कठीण हाय, आधी कोमट पाण्यानं शेक. उजवीकडनं बसू नको, लाथ मारती. पहिलं चार दिवस वैरण खाणार न्हाई, माझी वाट बघंल, तिला रागावू नको. गळ्याखाली खाजवून तिच्याशी बोल. काय बी बोल, फक्त आवाज बारीक ठेव. ती मान वळवंल तुझ्याकडं. आज न्हाई, पण वळवंल. मुरघास चालू करताना मूठभरानं सुरू कर, तिच्या मनात भीती बसली असंल. माझ्या तर बसलीच हाय.

दावण सुनी झालीय. सकाळी पाचला जाग येती आणि हात कुठं ठेवायचं ते कळत न्हाई. सुभेदार म्हणतात की पलूसला चार दिवस जाऊन ये. येईन. आत्ता न्हाई, जरा दम खाऊ दे.

रंगी बरी हाय का, खाती का, बसती का, सगळं कळवत जा. फक्त तिचं दूध वाढलं तर मला कळवू नको. मला आनंद बी होईल आणि पोटात बी दुखंल, आणि दोन्ही एकदम सोसायचं वय आता राहिलं न्हाई.

तुझी,
राहीआक्का